रात्रीच्या गाडीने जुन्या गाड्यांकडे

आमच्या बिल्डिंगखाली बाबांची १९८५ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. उभी म्हणजे अक्षरशः उभी, दोन वर्षांत जागची हललेली नाही. सोसायटीची नोटीस आली, भंगारवाल्याने भावही सांगितला. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘बघू गं.’’

मग मीच दोन तिकिटं काढली. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बोरिवलीहून गुजरात मेल, शनिवारची सकाळ अहमदाबादला आणि त्याच रात्री परत. हॉटेलचा खर्च शून्य, रविवार झोपायला मोकळा. सॉलिड फंडा की नाही?

फाफडा-जलेबी हाणून रिक्षा पकडली ती थेट शहराच्या पूर्वेला, कठवाड्याला. इथल्या दास्तान इस्टेटमध्ये आहे ‘ऑटो वर्ल्ड’. उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी आयुष्यभर जमवलेल्या शंभरहून जास्त गाड्या : रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर, लगोंडा, पॅकार्ड, कॅडिलॅक... कुठे बघू आणि कुठे नको, असं होतं!

एक गंमत सांगते. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस कंपनी गिऱ्हाइकाला फक्त इंजिन आणि चासी द्यायची. वरची बॉडी वेगळ्या कारागिरांकडून मनासारखी बांधून घ्यायची. म्हणजे शिंप्याकडे कापड टाकल्यासारखंच! आपल्याकडच्या राजेमहाराजांनी अशा हौसेने गाड्या मागवल्या, शिकारीलासुद्धा वेगळ्या. पण १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि अनेक राजवाड्यांना हा पसारा परवडेना. कुणी गाड्या विकल्या, कितीतरी परदेशी गेल्या. ज्या राहिल्या, त्या कुणीतरी हट्टाने सांभाळल्या म्हणून.

इथे जादा पैसे भरून जुन्या गाडीतून चक्कर मारता येते. बाबा पुढे बसले. इंजिन सुरू झालं, तसे डोळे मिटून ऐकत राहिले. उतरल्यावर म्हणाले, ‘‘आपलीपेक्षा पन्नास वर्षांनी म्हातारी, आणि चालतेय.’’

परतीच्या गाडीत मी त्यांना २०२१ चा केंद्राचा नियम सांगितला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. आपली पद्मिनी त्यात बसेल २०३५ मध्ये. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कायमच्या गेल्या. काल-परवापर्यंत गल्लोगल्ली दिसणारी गाडी! तिचं कोण काय जपणार?

बाबा खिडकीबाहेर बघत होते. सुरतेच्या आसपास म्हणाले, ‘‘सोमवारी मेकॅनिकला फोन कर.’’

सोसायटीच्या नोटिशीला उत्तर मी लिहितेय. तोवर तुम्ही तिकीट काढा!

जाण्याआधी :
* वीकेंडचं बुकिंग लवकर करा. परतीचं आधी बघा.
* अहमदाबादला स्टेशनच्या पुनर्बांधणीचं काम काढलंय. गाडी कुठल्या स्टेशनवर उतरवते, ते तिकिटावर नीट वाचा.
* तिकीट, फोटो आणि गाडीतल्या चकरेचे दर निघण्यापूर्वी फोन करून विचारा.
* घरातल्या गाडीवेड्या ज्येष्ठाला सोबत न्या. गाइडची गरजच पडत नाही!