मराठी अक्षरं लाईनीत बिघडत नव्हती

डायल-अप मोडेमबद्दलचा एक गैरसमज इतक्या वेळा कानावर येतो की तो एकदा सविस्तर खोडून काढायलाच हवा. उचगाव, तुरमुरी, बाची ही वेंगुर्ला रस्त्यावरची गावं घ्या, नाहीतर बेळगाव, निपाणी घ्या. त्या काळात डीटीपी किंवा बातमीदारी केलेल्या कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: ‘कोल्हापूरला, पुण्याला ई-मेलनं मराठी मजकूर पाठवला की तिकडं भलतंच उमटायचं. पावसात तारा भिजायच्या, लाईनीत खरखर यायची आणि अक्षरं वाटेत बदलायची.’

तारा भिजायच्या, खरखर यायची, हे खरं. अक्षरं त्यामुळं बदलायची, हे साफ खोटं.

फोनची लाईन माणसाच्या बोलण्यासाठी होती. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा तीतून जायचा. मोडेम त्याच पट्ट्यात सूर पाठवून त्यांत बिट भरायचा. सुरात खरखर मिसळली की काही बिट चुकीचे वाचले जाणार, हे उघड आहे. पण मजकूर पाइपातल्या पाण्यासारखा सलग सोडून दिलेला नसतो. व्ही.४२ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ मध्ये ठरलं, आणि विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं तोवर ते मोडेमांमध्ये रुळलं होतं. त्यानुसार मजकुराचे तुकडे पडतात, एरवी १२८ बाइटपर्यंतचे. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि शेवटी १६ बिटांचा ताळा जोडलेला असतो. पलीकडचा मोडेम आलेल्या बिटांवरून तोच हिशेब पुन्हा करतो. ताळा जुळला नाही तर तो तुकडा संगणकाकडे जातच नाही. तो टाकून दिला जातो आणि त्या क्रमांकापासून पुन्हा मागवला जातो.

हा ताळा किती कडक? सलग १६ बिटांपर्यंतचा बिघाड त्यातून सुटूच शकत नाही. त्याहून मोठा, अस्ताव्यस्त बिघाड सुटण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. सुटलाच, तर पुढं संगणकातली टीसीपी या इंटरनेटच्या नियमावलीची तपासणी उभी असते. एवढ्या चाळण्यांतून चुकीचं अक्षर क्वचित निसटेलही. पानंच्या पानं रोज बिघडून येणं शक्य नाही.

मग खरखरीनं नुकसान व्हायचं कशाचं? वेगाचं. तुकडे पुन्हा पुन्हा मागवले जायचे. लाईन फारच वाईट असली तर दोन्ही मोडेम मध्येच थांबून लाईन नव्याने जोखायचे आणि खालच्या वेगावर उतरायचे. कधी फोनच कटायचा आणि फाइल अर्धवट राहायची. अर्धवट राहणं आणि आतली अक्षरं बदलणं या दोन गोष्टींची गल्लत कृपा करून करू नका.

खरा दोष कुठं होता, ते बिघडलेला मजकूर नीट पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं. त्यात प्रत्येक ‘म’च्या जागी दर वेळी तीच रोमन अक्षरं आणि तीच चिन्हं यायची, प्रत्येक ‘क’च्या जागी दुसरी ठरलेली. पहिल्या ओळीतही तेच, शेवटच्या ओळीतही तेच. पावसाची खरखर इतकी शिस्तीची असते का? शिवाय त्याच मेलमधला इंग्रजी मजकूर धडधाकट पोचायचा. खरखरीला भाषा कळते का?

दोष फॉन्टचा होता. श्रीलिपी, आकृती यांसारख्या त्या वेळच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पाठवणाऱ्याकडं एक फॉन्ट आणि घेणाऱ्याकडं दुसरा असला, किंवा कुठलाच नसला, की पडद्यावर गिचमिड दिसणारच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती घराघरातल्या संगणकांवर रुजायला पुढं बरीच वर्षं गेली. मोडेमनं मात्र प्रत्येक बाइट जसाच्या तसा पोचवला होता. कुणाकडं त्या काळचे मराठी लेख, पत्रिका, अहवाल सीडीवर पडून असतील तर ‘लाईनीत बिघडलेले’ म्हणून फेकू नका. तोच फॉन्ट टाका किंवा युनिकोड परिवर्तक वापरा, मजकूर जिवंत होतो. सीमाभागातलं मराठी लेखन असं फुकट जाणं मला सहन होत नाही.

दुसरा दावा याचंच भावंड: तपासणीमुळं मोडेम संथ व्हायचा. उलट आहे. साध्या पद्धतीत ८ बिटांच्या प्रत्येक अक्षराला सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दोन बिट जास्तीचे लागायचे. तुकडे पाडल्यावर त्या दोन बिटांची गरजच उरत नाही, म्हणजे २० टक्के ओझं कमी. ताळा, क्रमांक यांचा खर्च त्यातले थोडेच टक्के परत घेतो. पोच येईपर्यंत थांबूनही राहावं लागत नाही, एरवी १५ तुकडे पोच न येताही पुढं पाठवता येतात. चांगल्या लाईनीवर अचूकतेबरोबर वेगही वाढायचा.

‘५६ के’ म्हणजे दोन्ही बाजूंनी सेकंदाला ५६ हजार बिट, असंही ऐकतो. १९९८ च्या व्ही.९० प्रमाणात तो कमाल वेग फक्त आपल्याकडं येणाऱ्या मजकुराला होता, जाणाऱ्याला ३३.६ हजार. तोही इंटरनेट देणाऱ्याचं टोक थेट डिजिटल जोडलेलं आणि आपलं एक्स्चेंज डिजिटल असेल तरच. अशी एक्स्चेंज खेड्यांत नेण्याचं काम सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेनं केलं. त्यांचं १२८ लाईनींचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ च्या जुलैत सुरू झालं ते आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, कित्तूरला. हे जिल्ह्यातल्या शाळांत सांगायला हवं. एक्स्चेंजपासून शिवारातल्या घरापर्यंतची तांब्याची तार लांबली की वेग घसरायचा, ते वेगळं.

‘आमचा १,१५,२०० नं जोडायचा’ म्हणणाऱ्यांनी पाहिलेला आकडा संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा. बॉड म्हणजे बिट नव्हे: २४०० बिटांचा मोडेम सेकंदाला ६०० वेळाच सूर बदलायचा, दर बदलात ४ बिट. जोडताना ऐकू येणारी किंकाळी म्हणजे तुमची फाइल नव्हे, ती दोन मोडेमांची वेग ठरवण्याची बोलणी. त्यातला २१०० हर्ट्‌झचा लांब सूर तर वाटेतली प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं बंद करण्यासाठी असायचा. आणि झिप फाइल मोडेम आणखी दाबून लवकर पाठवतो, हे चूक. मोडेममधलं मजकूर दाबण्याचं प्रमाण, व्ही.४२ बिस, साध्या मजकुराला चांगलं दाबतं, पण आधीच दाबलेल्या फाइलीत दाबायला काही उरलेलं नसतं.