आपाच्या बांगड्या आणि सीसीएनपीची फी

गेल्या महिन्यात कौशाहून आपा आली. चहा होईपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "बांगड्या मोडू का?" तिच्या मुलाला, म्हणजे आमच्या भाच्याला, एका क्लासवाल्याने सांगितले होते की सीसीएनए, सीसीएनपी, सीसीआयई तिन्ही एकदम करा, वर्षभरात दुबई पक्की. फी लाखांत. कर्ज काढले तर ब्याज आले, ते आपाला मंजूर नाही. "तू इतकी वर्षे याच लाइनीत आहेस. या कागदांना खरेच किंमत आहे का?"

किंमत आहे, हे आम्ही आधीच कबूल केले. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीची कितीतरी मुले ठाण्याला गाडी बदलून तिथे कामाला जातात. तिथला राउटर मध्यरात्री बंद पडला तर कुठल्याशा बँकेचे व्यवहार अडतात. अशा ठिकाणी नवख्या माणसाला हात लावू देण्याआधी मालक काहीतरी खात्री मागणारच.

सिस्को कंपनीची सीसीएनए ही पहिली पायरी. एकच परीक्षा, 300 डॉलर. करासकट तीस हजारांच्या आसपास. सीसीएनपीला 2020 पासून दोन परीक्षा आहेत, 400 आणि 300 डॉलरच्या. दोन्ही प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात, मग नूतनीकरण. सीसीआयई 1993 साली सुरू झाली. तिची लेखी परीक्षा सीसीएनपीच्या मुख्य पेपरचीच, पण नंतर आठ तासांची लॅब द्यावी लागते. तिची फी दीड हजार डॉलरच्या वर, शिवाय बंगळूरला जाणे-राहणे. नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी, आणि एका खेपेत सुटणारे थोडेच. पास झालेल्याला क्रमांक मिळतो. पहिला क्रमांक, 1024, कुणा माणसाला नव्हे तर खुद्द लॅबलाच दिला होता!

मालकाला यात काय मिळते? सिस्कोच्या भागीदार कंपन्यांना वरचा दर्जा मिळवायचा तर प्रमाणपत्रधारक माणसे पदरी असावी लागतात. एकेकाळी सर्वांत वरच्या दर्जासाठी चार सीसीआयई लागत. दर्जा वाढला की मालावर सूट वाढते, मोठी कंत्राटे मिळतात. म्हणून काही कंपन्या फी स्वतः भरतात आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात. आमच्या मते नोकरदाराने लाजू नये, हे मागून घ्यावे. फक्त बाँड सही करण्याआधी घरी आणून वाचावा. प्रमाणपत्र माणसाच्या नावावर असते, कंपनीच्या नव्हे, हे दोघांनीही लक्षात ठेवलेले बरे.

एवढे बोलून झाल्यावर भाच्याने मान खाली घालून खरी गोष्ट सांगितली. सीसीएनए त्याने आधीच काढली होती. क्लासने परीक्षेतल्या प्रश्नांची यादीच दिली होती, त्याने ती पाठ केली. मग महाप्याला मुलाखत झाली. समोरच्या माणसाने फळ्यावर दोन राउटर काढले. "ओएसपीएफ सुरू आहे, शेजारी दिसतो, पण एक्सस्टार्टवर अडकलाय. आधी काय तपासशील?" याला काही सुचेना. पाच मिनिटांत मुलाखत संपली.

उत्तर सोपे होते: दोन्ही टोकांचा एमटीयू सारखा आहे का ते पाहायचे. ज्याने एक रात्र स्वतः हे बिघडवून दुरुस्त केले आहे, तो झोपेतही सांगेल. आणि पाठ केलेल्या यादीवर मिळवलेली नोकरी ही अमानतीत खियानत झाली, हे त्याला आम्ही जरा कडक शब्दांतच सुनावले. सिस्कोला अशी लबाडी कळली तर प्रमाणपत्र रद्द होते, ते वेगळेच.

बांगड्या आपाच्या हातातच राहिल्या. आमच्या वेळी जुने राउटर लॅमिंग्टन रोडवरून ओझ्यासारखे आणावे लागत. आता पॅकेट ट्रेसर फुकट मिळते, आणि बऱ्यापैकी रॅम असलेल्या लॅपटॉपवर जीएनएस-3 चालते. भाच्याने आधी एखाद्या नेटवर्क केंद्रात शिफ्टची नोकरी धरावी, पगार कमी असला तरी. दोन वर्षांनी सीसीएनपी, तीही जमल्यास कंपनीच्या पैशाने. सीसीआयईचा विचार त्यानंतर. आपाची धाकटी मुलगी हे सगळे दारात उभी राहून ऐकत होती. रात्रपाळीला अब्बा पाठवतील का, एवढेच तिने विचारले; त्यावर आपा अजून काही बोललेली नाही.

भाचा आता दर रविवारी जोहरनंतर आमच्याकडे येतो. आम्ही त्याचे नेटवर्क मुद्दाम बिघडवून ठेवतो आणि तो शोधत बसतो. परवा त्याला एमटीयू सापडायला चाळीस मिनिटे लागली.