दुवा निखळण्याआधी

मोटारीचे ब्रेक कमी झाले तर पाय लगेच तक्रार करतो. इंजिन बिघडले तर ते स्वतःच आवाज करते. स्टिअरिंगचे मात्र तसे नाही. ते हळूहळू झिजते आणि आपला हात त्या झिजेला तितक्याच हळूहळू सरावतो. म्हणून "गाडी जरा सैल वाटते" हे पाहुण्याच्या लक्षात येते, मालकाच्या नाही.

सरकारी तपासणी आहेच की, असे कुणाला वाटेल. भाड्याच्या नि मालाच्या वाहनांना पहिली 8 वर्षे दर 2 वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस दाखला घ्यावा लागतो. पण घरच्या गाडीची नोंदणी एकदा झाली की ती 15 वर्षे चालते. पीयूसीत फक्त धूर पाहतात. म्हणजे ज्या गाडीत आपली म्हातारी आई आणि शाळेतली पोरे बसतात, तिचे स्टिअरिंग 15 वर्षे कुणी तपासलेच नाही, असे सहज होऊ शकते. ही नजर घरातूनच ठेवायला हवी.

आत काय असते ते आधी पाहू. 1983 साली आलेली आणि 2014 साली बंद झालेली मारुती 800 घ्या. आमच्या कडेगावात ती अजूनही कुठे कुठे दिसते. हातातले चाक फिरवले की खाली एक लहान दातेरी चाक फिरते. ते एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवते. ही पट्टी म्हणजे रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना दांड्या असतात आणि प्रत्येक दांडीच्या शेवटी, चाकाजवळ, टाय रॉड एंड असतो. आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा हा सांधा: वाटीत बसवलेला गोळा, आत ग्रीस, वर रबरी टोपी. ती टोपी फाटली की उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतला चिखल आत शिरतो, ग्रीसमध्ये वाळू मिसळते आणि सांधा कानशीने घासावा तसा झिजतो.

या दांड्यांची लांबी इतकी महत्त्वाची का? मोहरममध्ये आमच्या गावचे उंच ताबूत उचलणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही असतात. ताबूत वळतो तेव्हा आतल्या बाजूची माणसे आखूड पावले टाकतात, बाहेरची लांब. मोटारीच्या पुढच्या चाकांचेही तेच. आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते, नाहीतर टायर घासतात. ही मांडणी म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर या बग्गी बनवणाऱ्याने 1817 च्या सुमारास शोधली. लंडनमध्ये अ‍ॅकरमनने 1818 साली तिचे पेटंट घेतले आणि नाव त्याचेच झाले. दोन्ही चाकांचा हा मेळ टाय रॉड राखतात.

आता परीक्षा. गाडी सपाट जागी, चाके सरळ. स्टिअरिंग दोन बोटांनी हळूच हलवा आणि पुढचे टायर हलेपर्यंत हात किती सरकतो ते पाहा. मारुती 800 सारख्या गाडीत हा प्ले साधारण 30 मिलिमीटरपर्यंत चालतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून हे करा. मग इंजिन बंद करून मागच्या चाकांना दगड लावा, पुढचे एक चाक जॅकवर उचला आणि खाली भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी टायर धरून हलवा. खडखड जाणवली तर टाय रॉड एंड किंवा रॅकवर संशय घ्या. 12 आणि 6 वर धरून हलले तर एकाला ब्रेक दाबायला सांगा. हलणे थांबले तर चाकाचे बेअरिंग, न थांबले तर खालचा बॉल जॉइंट.

टाय रॉड एंड बदलणे गॅरेजमध्ये फार वेळाचे काम नाही, पण जवळ उभे राहून पाहण्यासारखे आहे. मिस्त्री चेक नट सैल करतो, स्प्लिट पिन काढून खालचा नट सोडतो. सांधा जाम असेल तर पुलर लावतो. जुना एंड सोडताना किती फेरे झाले ते मोजायचे आणि नवा तितकेच फेरे बसवायचा, म्हणजे दांडीची लांबी जवळपास तीच राहते. स्प्लिट पिन नवीच हवी. भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. शेवटी अलाइनमेंट करायचीच, कारण मोजलेले फेरे म्हणजे केवळ अंदाज.

क्रम उलटा मात्र नको. टायर एका बाजूने खाल्ले जातेय म्हणून पुष्कळजण थेट अलाइनमेंटला जातात. सांधाच सैल असेल तर सकाळी लावलेला कोन पहिल्याच मोठ्या खड्ड्यात हलतो. आधी सांधे, मग अलाइनमेंट. दोन्ही एंड नवे असूनही प्ले राहिला, तर दोष रॅकमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्यातल्या जोडात शोधावा लागतो. ते जाणत्या मिस्त्रीचेच काम.

आपल्या भाषेत 'दुवा' म्हणजे जोडणारी कडी आणि 'दुवा' म्हणजे आशीर्वादही. मी कवितेत दोन्ही वापरतो. गाडी निघताना घरातली थोरली माणसे दुवा देतात, ती हवीच. पण दुसरा दुवा टायरच्या मागे, चिखलाने माखलेला असतो. कराडला किंवा विट्याला निघण्याआधी, महिन्यातून एकदा तरी, खाली वाकून त्याची रबरी टोपी शाबूत आहे ना, एवढे बघावे. आणि सांधा खडखडत असेल, तर त्या दिवशी एसटीने जावे.