भिंतीवरची बुरशी

मृग लागून महिना लोटला कीं कपाटांतल्या जोड्यांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत बुरशी दिसूं लागते. जोडे आपण फडक्यानें पुसतों. भिंतीला रंगाचा एक हात देतों. आज मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बुरशी झांकणें हा उपाय नव्हे. तिला मिळणारें पाणी तोडणें हा उपाय होय.

बुरशीचीं सूक्ष्म बीजें हवेंत सर्वत्र असतात. रंग, कागद, लांकूड, साधी धूळसुद्धां तिला अन्न म्हणून पुरते. उणें असतें तें पाणी. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस शेंकडा ८० च्या वर राहिली कीं तेंहि मिळतें. भिंत हाताला ओली लागलीच पाहिजे असें नाहीं.

हें पाणी तीन वाटांनीं येतें. पहिली छपराची वा नळाची गळती. दुसरी जमिनींतून चढणारी ओल. तिनें भिंतीच्या तळाशीं लोणा धरतो आणि पापुद्रे सुटतात. तिसरी वाट हवेंतील वाफेची. ३० अंश सेंटिग्रेड उष्णमानाच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांवर सुमारें १७ ग्रॅमच. म्हणून वाफेनें भरलेली ऊबदार हवा थंड पृष्ठभागाला टेकली कीं जास्तीच्या वाफेचें पाणी होतें. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तो याच न्यायानें. थंड देशांत हिवाळ्यांत खिडक्यांच्या कांचा आणि बाहेरच्या भिंती अशाच घामेजतात. आपल्याकडे वातानुकूलित खोलीची भिंत शेजारच्या दमट खोलीच्या अंगानें घामेजते.

ओल कोठली, याची परीक्षा सोपी आहे. भिंतीचा वीतभर भाग कोरडा करून त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख चारी कडांनीं चिकटवावा. दोन दिवसांनीं वर्खाच्या खोलीकडील अंगावर पाणी दिसलें तर तें हवेंतील. भिंतीकडील अंगावर दिसलें तर भिंतीच्या पोटांतील.

बुरशीचीं बीजें श्वासावाटे आंत गेल्यानें कांहींना शिंका, खोकला व छातींत घरघर सुरू होते. दमेकऱ्याचा दमा बळावतो. ओलसर घरांत राहणाऱ्यांस श्वसनाचे विकार अधिक संभवतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं प्रसिद्ध केला. लहान मुलें, वृद्ध आणि आजारानें क्षीण झालेलीं माणसें यांना धोका विशेष.

हा धोका कोठवर जातो, हें इंग्लंडांतील रॉचडेल शहरीं दिसून आलें. तेथील एका भाडेकरूनें घरांतील बुरशीची तक्रार २०१७ सालीं केली. वरून रंग द्यावा, असें त्याला सांगण्यांत आलें. डिसेंबर २०२० मध्यें त्याचा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकारानें दगावला. घरांतील बुरशीचा दीर्घ संपर्क हें त्याचें कारण असल्याचें २०२२ सालीं न्यायचौकशींत ठरलें. त्या मृत्यूमुळें २०२३ सालीं कायदा झाला. आणि ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सार्वजनिक भाड्याच्या घरांच्या मालकांवर, तातडीचा धोका चोवीस तासांत दूर करण्याचें बंधन आलें.

आपण काय करावें? रांधतांना भांड्यावर झांकण ठेवावें. न्हाणीघराची वाफ खिडकीनें अथवा पंख्यानें बाहेर काढावी. ओले कपडे निजावयाच्या खोलींत वाळत घालूं नयेत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटें दूर असावें. भर पावसांत खिडक्या उघडून घर वाळत नाहीं, कारण बाहेरची हवाच दमट असते. तेव्हां पंखा चालूं ठेवावा आणि उघडीप मिळतांच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. लहानसा डाग मुखपट्टी बांधून साबणाच्या पाण्यानें पुसावा व जागा कोरडी करावी. सुका खरवडल्यास बीजें घरभर उडतात. दमेकऱ्यानें हें काम करूं नये.

मात्र माणसें राहतात तेथें स्वयंपाक, स्नान आणि श्वास यांची वाफ होणारच. ती बाहेर जाण्यास वाट ठेवणें हें घर बांधणाराचें, आणि गळकी भिंत दुरुस्त करणें हें मालकाचें कर्तव्य आहे. डाग पुसूनहि पुन्हां उमटला, तर रंगाचा डबा आणूं नये. पाण्याची वाट शोधावी.