पेशींची पकड आणि एकेक रेणूचा वेध

शरीरातील पेशीने कोठे थांबावे, कोणाला बिलगावे आणि कोणत्या क्षणी पकड सोडून पुढे निघावे, याचा बंदोबस्त तिच्या पृष्ठभागावरील आसंजक रेणूंकडे असतो. आणि तो ढासळला, की एकीकडे रोगप्रतिकारशक्ती पंगू होते, तर दुसरीकडे कर्करोगाला वाट मोकळी मिळते.

जंतूंचा शिरकाव झालेल्या जागी निघालेली पांढरी पेशी प्रथम सिलेक्टिन रेणूंच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळते, मग इंटेग्रिन रेणूंनी घट्ट पकड घेते आणि त्यानंतरच भिंत ओलांडते. म्हणूनच ज्या बालकांत बीटा-२ इंटेग्रिन जन्मतः सदोष असते, त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी विपुल असूनही जखमेत पू धरत नाही व जखम लवकर भरत नाही. कर्करोगाचा दाखला याच्या उलट आहे. ऊतीतील पेशींना परस्परांशी जखडणारे ई-कॅडहेरिन नाहीसे झाले, की त्या सुटून भोवतालात घुसू लागतात. न्यूझीलंडमधील काही माओरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या जठराच्या कर्करोगाचे मूळ याच रेणूच्या जनुकातील दोषात असल्याचे १९९८ साली सिद्ध झाले.

परंतु हे रेणू प्रत्यक्ष पाहावेत, तर ताठ उभे राहिलेले इंटेग्रिनही जेमतेम २० नॅनोमीटर उंचीचे, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला मात्र सुमारे २०० नॅनोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून, जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, ही प्रकाशाच्या लहरीरूपाने घातलेली मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच दाखवून दिली होती. १९८९ मध्ये विल्यम मोर्नर यांनी एकट्या रेणूचा प्रकाशीय वेध घेतला आणि २००६ मध्ये एरिक बेट्झिग यांनी ती मर्यादा ओलांडण्याची युक्ती सिद्ध केली: दाटीने मांडलेल्या पणत्या दुरून एकच उजेड भासाव्यात, पण थोड्या थोड्या लावून विझवल्या तर प्रत्येकीची जागा कळावी, तद्वत मोजकेच रेणू उजळून प्रत्येक ठिपक्याचा मध्य गणिताने निश्चित करायचा आणि अशा हजारो प्रतिमांतून एक चित्र सिद्ध करायचे. या दोघांना, स्टेफान हेल यांच्यासह, २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

या दृष्टीने पाहता २०१० साली असे दिसून आले, की पेशीच्या पकडीत इंटेग्रिन आणि आतील अ‍ॅक्टिन तंतू यांच्यामध्ये सुमारे ४० नॅनोमीटरचा थर असून टॅलिन नावाचा लांबट रेणू तो सांधतो. पुढे एकेका रेणूचा माग घेतला असता, एकाच पकडीतील इंटेग्रिन कधी जखडलेले, तर कधी मुक्त फिरणारे आढळले. बाहेरून अचल भासणारी पकड आतून अशी क्षणोक्षणी बदलत असते.

या तपशिलाचे मोल वैद्यकाने किंमत देऊन ओळखले आहे. पांढऱ्या पेशींवरील एका इंटेग्रिनची पकड सरसकट रोखणारे इफॅलिझुमॅब हे सोरायसिसवरील औषध २००३ मध्ये संमत झाले. परंतु काही रुग्णांना मेंदूचा प्राणघातक विषाणुसंसर्ग जडल्याने २००९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कोणता रेणू कोठे आणि केव्हा धरतो हे जाणल्यावाचून त्याची पकड सोडवू जाणे रुग्णाच्या हिताचे नाही. म्हणून एकेका रेणूचे हे दर्शन उद्याच्या औषधयोजनेची पूर्वअट मानले पाहिजे.