भरती आणि ओहोटी

मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच गोव्याच्या किनाऱ्यावरील ट्रॉलर धक्क्याला लागतात. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. दर्या खवळलेला असतो आणि रांपणकारांच्या अंगणात फाटकी जाळी सांधण्याचे काम चाललेले असते. नेमक्या याच दिवसांत दुसऱ्या एका बाजारात मात्र जाळी पाण्यात पडतात. हा बाजार फुटबॉलपटूंचा. अमक्या क्लबाने स्पेनहून मधल्या फळीचा खेळाडू आणला, तमक्याने मणिपूरचा गोलरक्षक उचलला, आपला कर्णधार कोलकात्याच्या नाही तर मुंबईच्या वाटेवर आहे, अशा वार्ता पावसाच्या सरींबरोबर येतात आणि नाक्यावरच्या हॉटेलात भाजीपावाच्या बशीसमोर त्यांचा कीस पाडला जातो. समुद्राच्या चढत्या पाण्याला मराठीने ‘भरती’ हा शब्द दिला. तोच शब्द सैन्यात आणि संघात नवी माणसे घेण्यालाही दिला. भरतीच्या मागोमाग ओहोटी असते, हे कोळ्याला सांगावे लागत नाही. क्लबचालकांना मात्र ते दर काही वर्षांनी सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे काम फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसणारा साधा प्रेक्षक नेमाने करीत आला आहे. त्या प्रेक्षकाची बाजू आज आम्ही मांडू इच्छितो.

रस्ते, पाणी, नोकऱ्या आणि जमिनींचे प्रश्न समोर असताना अग्रलेखाची जागा चेंडूला द्यावी काय, असे काही वाचक विचारतील. फुटबॉल हा सासष्टीचा खेळ, आमच्या वाचकांना त्याचे काय, असेही कोणी म्हणेल. या दुसऱ्या आक्षेपाला ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे एकच उत्तर पुरेसे आहे. 1983 साली बंगालबरोबर संयुक्त विजेता ठरलेल्या आणि 1984 साली संतोष करंडक एकट्याने जिंकलेल्या गोव्याच्या संघाचा गोल ज्याने राखला आणि ज्याने भारताचे कर्णधारपद भूषविले, तो खेळाडू एका तालुक्याचा नव्हता आणि एका समाजाचाही नव्हता. महेश गवळी, समीर नाईक, मंदार राव देसाई ही पुढील पिढीची नावेही तेच सांगतात. चर्च आणि देऊळ यांच्या मधल्या मोकळ्या शेतात, भातकापणीनंतर, जो खेळ सगळी पोरे मिळून खेळतात तो गोव्याच्या सामाईक जीवनाचा भाग आहे. त्या सामाईक ठेव्याचा व्यवहार कसा होतो, हे पाहणे वृत्तपत्राचे कर्तव्यच होय.

नव्या खेळाडूंची यादी जाहीर झाली की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक तट कोण आले ते मोजतो. दुसरा कोण गेले ते मोजतो. पहिल्याला आशावादी आणि दुसऱ्याला रडका म्हणण्याची रीत आहे. आमच्या मते दुसऱ्याचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐकले पाहिजे, कारण त्याच्यापाशी स्मरणशक्ती असते.

या स्मरणशक्तीत काय साठवलेले आहे? 2004-05 ते 2012-13 या नऊ हंगामांपैकी आठ हंगामांत देशाच्या सर्वोच्च लीगचे विजेतेपद गोव्यात आले. मध्ये केवळ 2005-06 साली ते मुंबईच्या महिंद्र युनायटेडने नेले. 1998-99 चे साळगावकरांचे यश धरले तर ही संख्या नऊ होते: धेंपोची पाच, साळगावकरांची दोन आणि चर्चिल ब्रदर्सची दोन. एवढ्याशा प्रदेशाने अवघ्या देशाला मागे टाकावे, ही गोष्ट पैशाने घडलेली नव्हती. कोलकात्यातील मोठ्या क्लबांपाशी पैसा आणि प्रेक्षक दोन्ही अधिक होते. आर्मांदो कुलासो यांच्या धेंपो संघात समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा यांसारखे गोमंतकीय खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळले. आणि त्यांच्या पुढे उभा असे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. तो 2004 साली आला आणि 2012 पर्यंत, आठ हंगाम, राहिला. शेवटच्या हंगामात त्याने लीगमध्ये 32 गोल केले. हा माणूस परका होता असे आज गोव्यात कोणी म्हणणार नाही. येथेच प्रेक्षकाचा पहिला सिद्धांत सापडतो. खेळाडू कोठून आला हे तो विचारीत नाही. तो किती दिवस राहणार, हे विचारतो.

2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि चित्र पालटले. 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. राष्ट्रीय महासंघ आखीत असलेल्या नव्या रचनेत आपले स्थान दुय्यम होणार, हे त्यांना मान्य नव्हते. घराघरांत वाटून गेलेली निष्ठा मग हळूहळू एफसी गोवा या एका क्लबाभोवती गोळा झाली. पूर्वी साळगावकरांचा आणि धेंपोंचा असे दोन भाऊ एका पंक्तीला बसत नसत. आता ते एकाच रंगाची बंडी घालून एकाच बाकावर बसू लागले. एका क्लबावर अख्ख्या राज्याचा भार पडला म्हणजे त्याच्या प्रत्येक करारावर अख्ख्या राज्याचे डोळे लागणार, हे ओघानेच आले.

परदेशी भरतीला आमचा विरोध नाही. 2017 साली प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि आघाडीचा खेळाडू फेरान कोरोमिनास स्पेनहून आले आणि गोव्याने डोळ्यांचे पारणे फेडणारा खेळ पाहिला. कोरोमिनासने तीन हंगामांत 18, 16 आणि 14 असे मिळून लीगमध्ये 48 गोल केले. 2019 साली सुपर कप आला आणि 2019-20 मध्ये लीगच्या गुणतक्त्यात अग्रस्थानही मिळाले. त्या हंगामाच्या अखेरीस लोबेरा निघून गेले होते आणि संघाची सूत्रे जुन्या धेंपोच्याच क्लिफर्ड मिरांडाकडे होती, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. बाहेरचे रोप लावले तरी त्याला माती इथलीच लागते, याचा हा पुरावा म्हणावा.

त्यानंतर आली ती ओहोटी. 2020 साली नव्या हंगामाच्या तोंडावर लोबेरा मुंबई सिटी क्लबाकडे गेले. त्यांच्याच वाटेने ह्युगो बूमू, अहमद जाहू, मूर्तदा फॉल आणि आपला मंदार राव देसाई हेही गेले. महामारीमुळे तो सारा हंगाम गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. उपान्त्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टी किकांवर हरवले आणि 13 मार्च 2021 रोजी अंतिम सामना जिंकून करंडक उचलला, तोही फातोर्ड्यालाच! ज्यांच्या नावाने आदल्या वर्षी घसे कोरडे केले, ते आपल्याच अंगणात दुसऱ्याचा करंडक मिरवीत होते आणि टाळी वाजवायला किंवा शिवी द्यायला पायऱ्यांवर कोणी नव्हते. त्या संध्याकाळी अनेक घरांतील दूरदर्शन संच सामना संपण्यापूर्वीच बंद झाले असतील.

तथापि येथे न्याय केला पाहिजे. खेळाडू हाही एक श्रमिकच आहे. त्याची उमेदीची वर्षे दहा-बाराहून अधिक नसतात; एक गुडघा मोडला की तीही संपतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कोलकात्याला खेळाडूंची पळवापळवी होत असे. नोंदणीच्या दिवसापर्यंत त्यांना गुप्त जागी दडवून ठेवीत. त्या मानाने आजचा लेखी करार कितीतरी सभ्य आहे. जागतिक नियमांप्रमाणे करार संपण्यास सहा महिने उरले की खेळाडूला पुढील क्लबाशी बोलणी करून सही करता येते. म्हणजे मे महिन्यात जो जाणार म्हणून आपण हळहळतो, तो जानेवारीतच मनाने गेलेला असू शकतो. सात हंगाम गोव्याच्या मधल्या फळीचा आधार झालेला ब्रँडन फर्नांडिस 2024 साली मुंबईस गेला, तेव्हा त्याला कृतघ्न म्हणणारे आवाज उठले. आम्हांस ते अनुचित वाटले. दोन वर्षे शिल्लक असतानाच पुढचा करार करण्याची दूरदृष्टी क्लबांनी दाखवावी. ती न दाखवता खेळाडूच्या निष्ठेवर विसंबणे म्हणजे नांगर न टाकता होडी सोडण्यासारखे आहे.

आणखी एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही. एका देशातून दुसऱ्या देशात, करार चालू असताना, मोबदला देऊन खेळाडू गेला तर त्या रकमेतील 5 टक्के वाटा त्याला 12 ते 23 या वयात घडविणाऱ्या क्लबांना मिळावा, असा फिफाचा नियम आहे. परंतु करार संपल्यावर तो मोकळेपणी गेला तर मोबदलाच नसतो. आणि नसलेल्या रकमेचा वाटा कोणाला देणार? ज्या गावच्या क्लबाने त्याला पहिले बूट दिले, ज्याच्या मैदानावर त्याचे गुडघे फुटले, त्याच्या हाती काहीच लागत नाही. याकरिता आमच्या गावोगावच्या क्लबांनी पोरांची नोंदणी चोख ठेवावी आणि मोठ्या क्लबांनी त्यांचे ऋण केवळ भाषणांत न मानता हिशेबात मानावे.

मग नव्या खेळाडूकडे प्रेक्षकाने कोणत्या दृष्टीने पाहावे? आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत. तो कोणत्या जागेसाठी आला? किती वर्षांसाठी आला? आणि कोणाची वाट अडवून आला? पहिल्या प्रश्नाने गरज कळते, दुसऱ्याने हेतू कळतो आणि तिसऱ्याने धोरण कळते. 2021 च्या जानेवारीत धीरज सिंग हा मणिपूरचा वीस वर्षांचा गोलरक्षक गोव्याने घेतला. चार महिन्यांच्या आत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट-फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून गोवा उतरला, तेव्हा त्याच मुलाने गोल राखला. त्या स्पर्धेत गोव्याने तीन सामने बरोबरीत सोडविले. तिन्ही प्रश्नांना पुरून उरणारी ती भरती होती. याउलट, वय उतरणीला लागलेला, एका हंगामापुरता आलेला आणि अकादमीतील पोराला बाकावर बसविणारा पाहुणा कितीही नामांकित असला, तरी जाहिरातीपलीकडे त्याचा उपयोग नसतो. 2021-22 पासून लीगच्या सामन्यात एकाच वेळी मैदानावरील परदेशी खेळाडूंची मर्यादा चारवर आली. म्हणजे अकरांपैकी सात जागा भारतीयांच्या झाल्या. ज्याच्या घरी सात तयार होतात त्याला बाजारात चारच शोधावे लागतात, हे साधे अंकगणित आहे.

2025 साल या दृष्टीने फार शिकवून गेले. मे महिन्यात भुवनेश्वर येथे जमशेदपूरला 3-0 असे नमवून गोव्याने पुन्हा सुपर कप जिंकला. त्यांतील दोन गोल स्पेनच्या बोर्हा हेरेराचे होते. आनंद ओसरण्यापूर्वीच जुलैत लीगच स्थगित झाली. महासंघ आणि संयोजक यांच्यातील हक्कांचा करार संपत आला होता आणि पुढची वाट ठरलेली नव्हती. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. नवा खेळाडू कोण येणार, याऐवजी सामने तरी होणार काय, असे विचारण्याची पाळी प्रेक्षकांवर आली. वाद घालणाऱ्या मोठ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की पायऱ्या एकदा ओस पडल्या की त्या भरण्यास एक पिढी लागते.

त्याच वर्षी 22 ऑक्टोबरला सौदी अरेबियाचा अल नासर क्लब आशियाई स्पर्धेसाठी फातोर्ड्याला आला. जगातील सर्वांत गाजलेली खेळाडू-भरती ज्या क्लबाच्या नावावर आहे, तोच हा क्लब. परंतु क्रिस्तियानो रोनाल्डो विमानात चढलाच नाही आणि कित्येकांचा हिरमोड झाला. गोवा तो सामना 1-2 असा हरला. मात्र गोव्याचा तो एकमेव गोल केला ब्रायसन फर्नांडिसने. क्लबाच्याच विकास-संघातून वर आलेल्या गोंयकार पोराने. ज्याला पाहण्यासाठी तिकिटे काढली तो आला नव्हता. जो नेहमी येथेच होता, त्याने मान ताठ ठेवली.

आम्ही हरलेल्या सामन्याचे कौतुक करीत नाही. दूरचे पाहुणे यावेत, त्यांनी आपल्या पोरांना दोन गोष्टी शिकवाव्यात, ही आमचीही इच्छा आहे. पण दर पावसाळ्यात नव्या नावांची यादी वाचताना चालकांनी तिच्या शेजारी दुसरी यादी ठेवावी: यंदा आपल्या मैदानांतून किती मुले वर आली, आणि त्यांपैकी किती पाच वर्षांनी येथेच असतील? पहिली यादी भरतीच्या पाण्यासारखी आहे. ती येते आणि जाते. दुसरी यादी म्हणजे बांध. खाजन शेतीवर वाढलेल्या या भूमीला बांधाचे मोल कोणी नव्याने समजावून सांगावे, अशी वेळ येऊ नये.