मुलाबरोबर वाढणारा स्वेटर

थंडी पडल्यावर सुया हाती घेतल्या तर स्वेटर होळीला पुरा होतो आणि मूल हिवाळाभर कुडकुडते. गौरी-गणपती पार पडले की टाके घालावेत. रोज थोडे थोडे विणले तरी दिवाळीपर्यंत स्वेटर अंगावर चढतो. पण पुढच्या वर्षी तोच आखूड होतो, ही घरोघरची तक्रार. तिच्यावरचा उपाय विणतानाच करून ठेवता येतो.

लोकर पारखून घ्या

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण स्वेटरला ती राठ पडते, अंगाला टोचते. बाजारात मऊ लोकरीबरोबर अ‍ॅक्रिलिकही ‘लोकर’ म्हणूनच मिळते. ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते. पण आगीपाशी धोक्याचे. छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो व राख बोटाने चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गोळी होते. असे वितळलेले सूत कातडीला चिकटून खोल भाजते. म्हणून चुलीपाशी, शेकोटीपाशी बसणाऱ्या मुलाला अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर घालू नका. लेबलावरचा लॉट नंबर एकच पाहून सगळी लोकर एकदम घ्या, आणि एक गुंडा जास्त घ्या. तो पुढे लागणार आहे.

आधी नमुना, मग स्वेटर

शेजारणीचे टाके मोजून तितकेच घालू नका. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. चारपदरी लोकर आणि १० नंबरच्या सुया घेऊन पाच इंचांचा चौकोन विणा व मधल्या चार इंचांतले टाके मोजा. २८ भरले तर इंचाला ७ टाके झाले. मुलाची छाती २४ इंच असेल तर ढिलाईचे ४ इंच धरून घेर २८ इंच. म्हणजे पाठ १४ इंचांची. १४ गुणिले ७, म्हणजे ९८ टाके. शिवणीचे २ धरून १०० घाला. हात घट्ट असून इंचाला ८ टाके बसत असतील, तर एवढ्याच टाक्यांत घेर साडेतीन इंचांनी कमी भरेल आणि सारी मेहनत उकलावी लागेल. खालचा काठ १२ नंबरच्या सुयांवर १ सुलट, १ उलट असा विणा.

बाही खांद्याकडून विणा

विणकाम सहज उकलते ते टाके बंद केलेल्या टोकाकडून. बाही मनगटाकडून सुरू केली तर पुढे ती सहज वाढवता येत नाही. म्हणून पाठ व पुढचा भाग खांद्याला जोडून घ्या, बाहीच्या जागी टाके उचला आणि मनगटाकडे विणत या. शेवटी काठ विणून टाके सैल बंद करा. पुढच्या वर्षी फक्त काठ उकला, टाके सुईवर घ्या, राखून ठेवलेल्या गुंड्यातून दोन इंच विणा आणि पुन्हा काठ घाला. अंगाची लांबी मात्र पहिल्यापासूनच दोन इंच जास्त ठेवा, कारण ती खालून सुरू झालेली असते.

उकललेली लोकर टाकू नका

तिसऱ्या वर्षी स्वेटर तोकडा झाला तर पूर्ण उकला. लोकर पाटाभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा. न पिळता सावलीत टांगा व खालच्या टोकाला हलके वजन लावा. सुताच्या गुंडाळ्या सरळ होतात. विरलेला धागा काढून उरलेल्यातून धाकट्याचा बिनबाह्यांचा स्वेटर होतो, आणि कानटोपीलाही काही उरते. घरात बाळंतपण असेल तर टोपरे आणि पायमोजे मात्र नव्या, मऊ लोकरीचेच करा.

गुंडा नीट जपून ठेवा. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्याऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि अधूनमधून ऊन दाखवा. लोकरीला कसर लागली, तर पुढच्या वर्षीची बाही वाढायची कशी?